वाइन व्हिनेगर व्हीगन असतं का? बाटली निवडण्यापासून कोशिंबिरीपर्यंत

पुण्यात व्हीगन व्हायचं ठरवलं की सुरुवातीचे दिवस दूध, दही, तूप आणि मध यांच्याशी हिशेब मिटवण्यात जातात. हे चारही पदार्थ निदान डोळ्यांना दिसतात. वाइन व्हिनेगरचं तसं नाही. बाटलीवर घटक म्हणून एकच ओळ असते, ‘रेड वाइन व्हिनेगर’, आणि फार तर पुढे सल्फाइटचा, म्हणजे टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्याचा, उल्लेख. द्राक्षं, जिवाणू आणि हवा एवढ्यावर तयार होणाऱ्या पदार्थात प्राणी शिरायला जागाच कुठे आहे, असं वाटतं. जागा आहे, पण ती व्हिनेगरमध्ये नाही. ज्या वाइनपासून ते तयार झालं, तिच्यात आहे. म्हणून घटकांची यादी कितीही वेळा वाचली तरी उत्तर सापडत नाही. प्रश्न एक पायरी मागे जाऊन विचारावा लागतो.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे ज्यांनी आजवर चायनीजच्या गाडीवरचं मिरच्या घातलेलं पांढरं व्हिनेगरच पाहिलं आहे आणि आता पहिली चांगली बाटली घ्यायची आहे.

आधी हातातली बाटली कोणती ते ओळखा

किराणा दुकानात स्वस्तात मिळणारं पाण्यासारखं पारदर्शक व्हिनेगर बहुतेकदा कृत्रिम असतं. मळीच्या अल्कोहोलपासून किंवा पेट्रोरसायनांपासून ॲसिटिक ॲसिड तयार करायचं आणि त्यात पाणी घालायचं, एवढीच त्याची कृती. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याच्या लेबलवर ते ‘सिंथेटिक’ असल्याचं आणि ॲसिटिक ॲसिडपासून केल्याचं छापावं लागतं. गंमत अशी, की व्हीगनपणाच्या कसोटीवर हेच सगळ्यांत बिनघोर. त्याच्या आसपास प्राणी फिरकतही नाही. पण चवही फिरकत नाही. नुसता आंबट ठसका. बरणी धुवायला आणि नळावरचे क्षारांचे डाग काढायला मी ते आनंदाने वापरतो, कोशिंबिरीत नाही.

दुसरं आंबवून केलेलं, म्हणजे ‘ब्रूड’ व्हिनेगर. सफरचंदाचं, उसाचं, जांभळाचं, माडीचं आणि वाइनचं ही सगळी याच कुळातली. साखरेचं यीस्टने अल्कोहोल करायचं आणि मग ॲसिटोबॅक्टरसारख्या जिवाणूंनी हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्या अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करायचं, असा दोन टप्प्यांचा प्रवास. या दुसऱ्या टप्प्यामागे सजीव आहेत हे लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात दाखवलं. त्याआधी फ्रान्समधल्या ऑर्लेआँचे लोक शतकानुशतकं लाकडी पिंपांत हेच करत होते, फक्त कारण माहीत नव्हतं. त्या जुन्या पद्धतीत काही महिने जातात. आजच्या कारखान्यात मोठ्या टाकीत हवेचे बारीक बुडबुडे सोडून हेच काम एक-दोन दिवसांत होतं. दोन्हींची रसायनं तीच, पण सावकाश झालेल्या व्हिनेगरला जी गोलाई येते ती घाईच्या व्हिनेगरला येत नाही, आणि किमतीतला बराचसा फरक तिथला आहे.

वाइन व्हिनेगरच्या चार बाटल्या तुम्हाला दिसतील. रेड वाइनचं व्हिनेगर, व्हाइट वाइनचं, स्पेनमधल्या शेरी वाइनचं व्हिनेगर आणि इटलीतलं बाल्सॅमिक. युरोपात वाइन व्हिनेगरची आम्लता किमान ६ टक्के लागते, शेरीची ७ टक्के. आपल्याकडच्या साध्या व्हिनेगरची कायदेशीर किमान पातळी ३.७५ टक्के आहे. तेव्हा गाडीवरच्या व्हिनेगरच्या अंदाजाने ओतायला गेलात तर कोशिंबीर तोंडात धरवणार नाही. मोजूनच घाला.

बाल्सॅमिक म्हणजे सगळं एकच, असा गैरसमज पुण्यातल्या भल्याभल्या कॅफेंतही ऐकू येतो. मोठ्या बाटलीतलं मोदेनाचं बाल्सॅमिक, ज्यावर ‘आयजीपी’ (त्या भागाशी बांधलेल्या संरक्षित नावाची खूण) लिहिलेलं असतं, ते द्राक्षाचा आटवलेला रस आणि वाइन व्हिनेगर यांचं मिश्रण असतं. त्यात रंगासाठी थोडं कॅरमलही चालतं आणि ते किमान ६० दिवस मुरवावं लागतं. ‘त्रादिझिओनाले’ म्हणून जे १०० मिलिलिटरच्या ठेंगण्या कुपीत येतं ते वेगळंच प्रकरण आहे. त्यात फक्त शिजवलेला द्राक्षरस असतो आणि तो किमान १२ वर्षं पिंपांत राहतो. व्हीगनच्या दृष्टीने फरक असा, की वाइन न मिसळल्यामुळे त्रादिझिओनालेला वाइन निवळण्याचा प्रश्नच लागू होत नाही. आयजीपीला होतो. अर्थात तेवढ्यासाठी ती कुपी घ्यायला सांगणारा माणूस मी नव्हे.

प्राणी शिरतो तो वाइन निवळताना

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ एकत्र होऊन तळाशी बसतो. वाइनचंही तसंच आहे. ताज्या वाइनमध्ये यीस्टचे अवशेष, प्रथिनं आणि तुरट टॅनिन तरंगत असतात. महिनोन् महिने ठेवली तर ती आपोआप बरीच निवळते, पण तेवढी सवड सगळ्यांना नसते. मग तिच्यात असा पदार्थ घालतात जो या तरंगणाऱ्या कणांना चिकटून त्यांना खाली नेतो. वाइनच्या धंद्यात याला ‘फायनिंग’ म्हणतात. खाली बसलेला गाळ मागे ठेवून वरची स्वच्छ वाइन काढून घेतात.

तुरटीच्या जागी काय घालतात, यावर सगळं अवलंबून आहे. रेड वाइनचा तुरटपणा मऊ करायला अंड्याचा पांढरा बलक ही युरोपातली फार जुनी पद्धत. २२५ लिटरच्या एका पिंपाला साधारण चार-पाच अंडी पुरतात. जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यांतून. केसिन हे दुधातलं प्रथिन. आणि आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं कोलॅजन, जे व्हाइट वाइनला चकचकीत करायला वापरतात. पालघरच्या बाजूच्या कोळ्यांना ही पिशवी चांगली माहीत आहे. घोळ माशाच्या ‘बोता’ला जो भाव मिळतो त्याची बातमी दर काही महिन्यांनी येतेच.

याउलट बेंटोनाइट ही एक प्रकारची माती आहे, कोळसा हा कोळसाच आहे आणि वाटाण्याचं किंवा बटाट्याचं प्रथिनही आता याच कामाला वापरतात. ही सगळी व्हीगन. काही ठिकाणी तर फायनिंग न करता नुसतं बारीक गाळणीतून वाइन काढतात. म्हणजे एकाच गावातल्या दोन वायनरींपैकी एकीची वाइन व्हीगन आणि दुसरीची नाही, असं सहज होतं. इतकंच काय, एकाच वायनरीची यंदाची वाइन व्हीगन आणि मागच्या वर्षीची नाही, हेही शक्य आहे.

यातला बहुतेक निवळक पदार्थ गाळाबरोबर निघून जातो. अंतिम वाइनमध्ये उरलाच तर अत्यंत सूक्ष्म अंश. युरोपात अंड्याचा किंवा दुधाचा अंश लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळला तर २०१२पासून वाइनच्या लेबलवर ते छापावं लागतं, ते ॲलर्जीच्या कारणाने. तेव्हा प्रश्न ‘माझ्या चमच्यात अंडं आहे का’ असा नसून ‘हे तयार करताना अंडं वापरलं का’ असा आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी निघू शकतात, आणि कोणता प्रश्न आपला आहे हे ज्याचं त्याने ठरवायचं.

व्हिनेगर झाल्यावर ते पुन्हा एकदा निवळतात, तिथेही बेंटोनाइट आणि गाळणी हे नेहमीचे मार्ग आहेत. आणि बाटलीच्या तळाशी जेलीसारखा गोळा दिसला तर दचकू नका. ती ‘मदर’. दिसायला मांसल असली तरी ती जिवाणूंनी विणलेली सेल्युलोजची चटई असते, म्हणजे कापसात असतं तेच द्रव्य. शंभर टक्के व्हीगन, आणि व्हिनेगर जिवंत असल्याची खूण.

लेबल कसं वाचायचं

हिरव्या ठिपक्यावर थांबू नका. हिरवा ठिपका शाकाहारासाठी आहे, व्हीगनसाठी नाही. आपल्या नियमांनुसार दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि लाखही शाकाहारात बसतात. शिवाय ठिपका पदार्थात काय ‘आहे’ ते सांगतो. घालून काढून घेतलेल्या निवळकाबद्दल त्याच्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे आयात केलेल्या व्हिनेगरवर हिरवा ठिपका असतो आणि तो खोटाही नसतो, फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतो.

तुम्हाला हवं आहे ते वेगळं चिन्ह. २०२२मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणले. हिरव्या चौकटीत इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर छोटं पान, खाली ‘व्हीगन’ हा शब्द. या नियमांची व्याख्या चांगली कडक आहे. नुसते घटकच नव्हेत, तर तयार करण्याच्या कोणत्याही टप्प्यावर वापरलेले प्रक्रिया-साहाय्यक पदार्थही प्राणिज नकोत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे अंड्याचा पांढरा बलक घालून काढून घेतला, ही सबब इथे चालत नाही. हे चिन्ह दिसलं की विषय संपला. युरोपातून आलेल्या बाटल्यांवर ‘व्ही-लेबल’ किंवा ब्रिटनच्या ‘व्हीगन सोसायटी’चं सूर्यफुलाचं चिन्ह असू शकतं. ही सोसायटी १९४४पासून आहे आणि तिचं चिन्ह विश्वासाचं मानलं जातं. व्ही-लेबलच्या बाबतीत मात्र नीट बघा, कारण त्याचा शाकाहारी आणि व्हीगन असा दोन्ही अवतार आहे. खाली कोणता शब्द छापलाय ते वाचा.

‘ऑरगॅनिक’ म्हणजे व्हीगन नव्हे. सेंद्रिय वाइनलाही अंडं, दूध, मासा यांपासून केलेले निवळक युरोपात चालतात. ‘नॅचरल’ हा शब्द तर मी वाचतही नाही. ‘अनफाइन्ड’ हा शब्द मात्र कामाचा. निवळक घातलाच नाही, असा त्याचा अर्थ. तो वाइनबद्दल लिहिला आहे की फक्त व्हिनेगरबद्दल, एवढं पाहा. ‘अनफिल्टर्ड’वरून काही ठरत नाही. गाळलं नाही, पण निवळलं असेल.

घटकांच्या यादीतल्या आकड्यांची धास्ती घ्यायचं कारण नाही. २२० आणि २२४ ही सल्फाइटं, प्राण्यांशी संबंध नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी मात्र सल्फाइटकडे लक्ष द्यावं, ते व्हीगनपणासाठी नव्हे. १५० आणि त्यापुढे अक्षर, म्हणजे कॅरमलचा रंग. बाल्सॅमिक ग्लेझ, तयार ड्रेसिंग आणि ‘फ्लेवर्ड’ व्हिनेगर यांच्या घटकांची यादी मात्र शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. तिथे मध लपलेला असतो, आणि ड्रेसिंगमध्ये चीजही. माझ्या मते नव्या व्हीगन माणसाने वाइनच्या निवळण्यावर रात्र घालवण्याआधी आपल्या हनी-मस्टर्डच्या बाटलीकडे बघावं.

कंपनीला विचारायचं कसं

चिन्ह नसेल तर विचारा. आयात केलेल्या बाटलीवर मागे आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असलेला स्टिकर असतो. तिथे विचारलं तर बहुधा ‘येस मॅडम, हंड्रेड पर्सेंट व्हेज’ हे उत्तर येतं, कारण तुम्ही ‘हे व्हीगन आहे का’ असं विचारलेलं असतं. प्रश्न नेमका हवा, आणि शक्यतो मूळ उत्पादकाकडे. साधारण असा मजकूर पाठवा:

‘नमस्कार. आपल्या रेड वाइन व्हिनेगरबद्दल दोन प्रश्न आहेत. एक, ज्या वाइनपासून हे व्हिनेगर करता, ती निवळण्यासाठी अंडं, केसिन, जिलेटिन किंवा आयसिंग्लास यांपैकी काही वापरलं जातं का? दोन, व्हिनेगर तयार झाल्यावर ते निवळताना यांपैकी काही वापरता का? बाटलीवरचा बॅच क्रमांक अमुक आहे.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी असं येतं, की वाइन आम्ही बाहेरून घेतो, ती कशी निवळली हे आमच्याकडे नोंदलेलं नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे. मोठे व्हिनेगरवाले अनेक ठिकाणची वाइन एकत्र करतात. अशा वेळी बाटली घ्यायची की नाही, हा निर्णय तुमचा. मला विचाराल तर प्राणी-उत्पादनांना मागणी देऊ नये हा तुमचा हेतू असेल तर चिन्ह असलेलीच बाटली घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. कारण कंपनीला तुमच्या पत्रापेक्षा तुमच्या बिलातून जास्त कळतं. पण दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर सॅलडमधल्या व्हिनेगरची उलटतपासणी करू नका. त्याने कोंबडीचं काही भलं होत नाही, यजमानांचं मात्र डोकं फिरतं.

पुण्यात कुठे शोधायचं

मंडईत भाजी घ्या, व्हिनेगर नाही. वाइन व्हिनेगरसाठी पहिली फेरी कॅम्पात मारावी. दोराबजींसारख्या जुन्या दुकानांत परदेशी मालाची परंपरा आहे आणि बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचता येतात. कोरेगाव पार्क, औंध, बाणेर या बाजूंच्या मोठ्या सुपरमार्केटांतही दोन-तीन प्रकार असतातच. घरपोच ॲपवरून मागवायचं तर अडचण अशी, की तिथे बाटलीचा पुढचा फोटो असतो आणि आपल्याला हवी असते पाठ. पहिली बाटली दुकानात जाऊन घ्या, मग तीच मागवत राहा.

पहिली बाटली रेड वाइन व्हिनेगरची असू द्या, लहानात लहान. बाल्सॅमिक नको, कारण त्याच्या गोडव्याने चवीचा अंदाज येत नाही.

आणि बजेट नसेल, किंवा निवळण्याचा प्रश्नच नको असेल, तर उसाचं आणि माडीचं व्हिनेगर आहे. नवसारीकडून येणारं उसाचं गडद व्हिनेगर पारशी घरांत पिढ्यान् पिढ्या वापरात आहे आणि पुण्यातल्या पारशी वस्तीमुळे कॅम्पात ते अनोळखी नाही. गोव्याचं माडीचं व्हिनेगर तर पोर्तुगीजांच्या काळापासून विंदालूचा कणा आहे. रेड वाइनच्या व्हिनेगरच्या जागी यांतलं कोणतंही चालेल, चव थोडी वेगळी येईल इतकंच.

स्वयंपाकात

आपल्या स्वयंपाकघरात आंबटपणाची उणीव नाही. चिंच, आमसूल, लिंबू, कैरी, टोमॅटो आहेतच, आणि व्हीगन होण्याआधी दही-ताकही होतं. मग वाइन व्हिनेगर कशाला? माझं उत्तर असं, की दह्याने जी जागा रिकामी केली तिथे. दह्याची कोशिंबीर बंद झाली की लोक सगळीकडे लिंबू पिळायला लागतात आणि आठवड्यात कंटाळतात. लिंबाचा आंबटपणा सरळ आणि टोकदार असतो. वाइन व्हिनेगरमध्ये ॲसिटिक ॲसिडबरोबर द्राक्षातलं टार्टारिक ॲसिडही थोडं असतं, आणि चिंचेतलं मुख्य आम्लही टार्टारिकच. त्यामुळे मराठी जिभेला ते वाटतं तितकं परकं नाही.

पहिला प्रयोग कांद्यावर करा. एक मोठा लाल कांदा पातळ उभा चिरा, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा साखर आणि दोन मोठे चमचे रेड वाइन व्हिनेगर घालून कालवा, वीस मिनिटं ठेवा. कांद्याचा उग्रपणा जातो आणि रंग गुलाबी खुलतो, कारण त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लालसर होतं. मिसळीबरोबर हा कांदा मी देणार नाही, तिथे कच्चा कांदा आणि लिंबूच. पण थालीपीठ, मसूरची उसळ, सोयाचे कबाब यांच्याशेजारी तो फार छान जातो.

मग बीट. उकडून किसलेल्या दोन मध्यम बिटांना एक मोठा चमचा व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचं कूट आणि वरून जिरं-हिरवी मिरची-कढीपत्त्याची फोडणी. दही नसल्याची आठवण होत नाही. व्हिनेगर आधी, फोडणी शेवटी. उलट केलं तर गरम तेलावर पडलेल्या व्हिनेगरचा फणकारा नाकात जातो.

बटाट्याला उलटा नियम. उकडलेले बटाटे गरम असतानाच चिरून त्यांच्यावर व्हाइट वाइन व्हिनेगर शिंपडा. गरम बटाटा ते आत शोषून घेतो. गार झाल्यावर घातलं तर वरच राहतं आणि तेलाबरोबर खाली साचतं. तेल, मोहरीची पेस्ट, कोथिंबीर त्यानंतर.

साध्या ड्रेसिंगचं प्रमाण तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर असं फ्रेंच पुस्तकांत असतं. मला ते तेलकट लागतं, मी दोनास एक घेतो. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळवा. तेलात मीठ विरघळत नाही, नंतर घातलं तर पानांवर कचकचतं. अर्धा चमचा मोहरीची पेस्ट घातली की दोन्ही थोडा वेळ एकजीव राहतात. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल यात चालतं का? चालतं, आणि मला तर काकडी-टोमॅटोवर ऑलिव्हपेक्षा तेच आवडतं.

मशरूम परतताना एक युक्ती. मोठ्या आचेवर, मीठ न घालता मशरूम तपकिरी होऊ द्या. तव्याला खरपुडी धरली की एक मोठा चमचा रेड वाइन व्हिनेगर ओता आणि उलथन्याने खरवडा. अर्ध्या मिनिटात उग्र वास उडून जातो, उरतो तो गोडसर खमंगपणा. उकळताना ॲसिटिक ॲसिड वाफेबरोबर उडतं. म्हणून तिखट आंबटपणा हवा तर शेवटी, गॅस बंद करून घालायचं आणि नुसती खोली हवी तर सुरुवातीला घालून आटवायचं. हा एक फरक कळला की बाकीचं हाताला आपोआप येतं.

कडधान्यांच्या बाबतीत मात्र थांबायला शिका. मटकी, छोले, राजमा पूर्ण मऊ होण्याआधी आंबट घातलं तर ते दडस राहतात, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा. हिरव्या भाज्यांवर व्हिनेगर पानात वाढताना घाला. फरसबी किंवा पालक आम्लात काही मिनिटांतच शेवाळी दिसायला लागतात. लाल कोबीचं उलट, आम्लाने तो जास्तच रंगतो.

व्हीगन मेयोनीज करायचं तर अर्धी वाटी साधं, बिनसाखरेचं सोया दूध, एक मोठा चमचा व्हाइट वाइन व्हिनेगर, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट आणि मीठ हँड ब्लेंडरने फिरवत हळूहळू वाटीभर तेल सोडा. सोयामधली प्रथिनं आणि लेसिथिन अंड्याचं काम करतात. दूध आणि तेल दोन्ही खोलीच्या तापमानाला असावीत. ओटच्या दुधाने हे जमत नाही. आणि केकसाठी वाटीभर सोया दुधात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवलं की ताकासारखं दाटसर होतं. पुढे सोड्याशी त्याची गाठ पडली की केक फुलतो. तिथे महागडं वाइन व्हिनेगर घालू नका, साधं पांढरं पुरे.

गोडा मसाला असेल तिथे वाइन व्हिनेगर नको. चिंच-गुळाच्या आमटीत, भरल्या वांग्यात, आळूच्या फतफत्यात ते घुसवू नका. वांग्याच्या भरितात अर्धा चमचा शेरी व्हिनेगर मला आवडतं, पण हे खानदेशी माणसासमोर बोलायचं नाही.

भांडी स्टीलची, काचेची किंवा चिनीमातीची. बिनकल्हईच्या पितळेत, तांब्यात किंवा ॲल्युमिनियममध्ये व्हिनेगर घातलेला पदार्थ ठेवू नका. आम्ल धातू उतरवतं आणि चवही बिघडते. बाटलीला फ्रिज लागत नाही, गॅसपासून दूर, अंधाऱ्या कपाटात बरी.

‘पण ही दारू ना?’

घरात हा प्रश्न आजी किंवा सासूबाई विचारणारच. वाइनमधल्या अल्कोहोलचं जवळजवळ सगळं आम्लात रूपांतर झालेलं असतं. युरोपच्या नियमांत वाइन व्हिनेगरमध्ये उरलेलं अल्कोहोल फार तर १.५ टक्के चालतं, आणि आपण वापरतो चमचाभर. नशेचा प्रश्न नाही. पण कुणाला धर्मामुळे किंवा व्रतामुळे वाइनपासून केलेलं काहीच नको असेल तर वाद घालू नका, उसाचं व्हिनेगर काढा. काटेकोर जैन घरांत आंबवलेले पदार्थच वर्ज्य असतात, तिथे लिंबूच बरं.

घरी करून बघायचं असेल तर

व्हीगन असल्याची खात्री असलेली वाइन मिळाली तर व्हिनेगरची खात्री आपोआप मिळते, हा घरी करण्याचा खरा फायदा. द्राक्षांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. नाशिक चार-पाच तासांत येतं, अकलूजकडे वाइनची द्राक्षं आहेत आणि नारायणगावला तर शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकातच वाइनचा कारखाना उभा केला होता. वायनरी बघायला गेलात तर माहिती देणाऱ्याला फायनिंग कशाने करता हे तिथेच विचारा. जो वाइन करतो त्याला हा प्रश्न लगेच कळतो, आयातदाराच्या कचेरीतल्या माणसासारखं समजावून सांगावं लागत नाही.

वाइनमध्ये साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, ते जिवाणूंना जड जातं. म्हणून रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत वाइन आणि उकळून गार केलेलं पाणी समप्रमाणात घ्या. वाइन आदल्या दिवशी उघडी ठेवली तर तिच्यातलं सल्फाइट थोडं कमी होतं. त्यात न गाळलेलं, मदर असलेलं कोणतंही व्हिनेगर पाव भाग घाला. ॲपल सायडरचं चालतं, फक्त पाश्चराइज केलेलं नको. बरणी अर्धी-पाऊणच भरा आणि तोंडाला दोन पदरी सुती कापड घट्ट बांधा. झाकण लावायचं नाही, जिवाणूंना हवा लागते. कापड मात्र विणीने दाट हवं, कारण पुण्याच्या पावसाळ्यात चिलटं या वासावर कुठून कुठून येतात. थंडीचे दिवस सोडले तर पुण्याची हवा या कामाला मानवते. दीड-दोन महिन्यांत वर सायीसारखा पापुद्रा धरतो आणि वाइनचा वास जाऊन व्हिनेगरचा येतो. पापुद्रा गुळगुळीत आणि ओलसर असेल तर ती मदर. हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

तयार झालं की गाळून बाटलीत गच्च भरा, वर हवा कमी राहील असं. थोडं व्हिनेगर आणि मदर पुढच्या खेपेसाठी बाजूला काढा. हे घरचं व्हिनेगर कोशिंबिरीत, ड्रेसिंगमध्ये, तव्यावर खुशाल वापरा. पण त्याची आम्लता किती आहे हे मोजलेलं नसतं, त्यामुळे महिनोन् महिने बाहेर टिकवायच्या लोणच्यांना आणि बाटलीबंद भाज्यांना ते वापरू नका. तिथे आम्लतेचा आकडा छापलेली विकतची बाटलीच हवी.